दहावीनंतरची बोलणी नववीतच

दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत घराघरांत एक मोठा निर्णय उरकला जातो. ऐंशीच्या वर टक्के असतील तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स आणि अगदीच कमी पडले तर आयटीआय. ही उतरंड कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेली नाही, तरी राज्यभर ती पाळली जाते. मुलाला काय जमतं आणि काय करावंसं वाटतं, हे विचारायला तीत जागाच उरत नाही. पालकांना काळजी नसते असं मुळीच नाही. काळजी भरपूर असते. कमी पडते ती माहिती आणि सवड. म्हणून ही बोलणी नववीतच सुरू करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सगळ्यात आधी विषयांचं पाहा. अकरावीला गणित ठेवायचं की सोडायचं, हे फॉर्मवर ठरवायला मिनिटभर लागतं, पण त्याचा हिशेब बारावीनंतर होतो. जीवशास्त्र घेतलं आणि गणित सोडलं, तर वैद्यकीय आणि नर्सिंगचा रस्ता मोकळा राहतो, अभियांत्रिकीचा जवळजवळ बंद होतो. फार्मसी आणि कृषी पदवीला दोन्ही गट चालतात. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कुठलीही शाखा चालते, हे कितीतरी घरांत ठाऊकच नसतं. एनडीएच्या लष्करी शाखेसाठीही शाखेची अट नाही. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. एनडीएची तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकलाही सुरू झाली आहे. तिथली निवड परीक्षा मूल दहावीत असतानाच होते. निकालानंतर चौकशी करणाऱ्याच्या हातून ती संधी गेलेली असते.

मग मुलाचा कल ओळखायचा कसा? चाचण्या असतात, त्यांचा उपयोगही होतो. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली होती. पण चाचणी तासा-दोन तासांची असते आणि पालकांसमोर मूल वर्षानुवर्षं वावरत असतं. सांगली जिल्ह्यातल्या एका घरी नववीतली मुलगी रोज डेअरीची स्लिप घेऊन बसताना मी पाहिली आहे. फॅट किती लागली, एसएनएफ किती, दर काय पडला, हे ती वहीत उतरवायची आणि दहा दिवसांचं बिल आलं की ताळा करून पाहायची. एकदा बिलात तफावत निघाली, तर वही घेऊन संकलन केंद्रावर तीच गेली. आई मात्र सांगत होती, "हिला गणिताचं वावडं आहे." शाळेतलं बीजगणित तिला रुक्ष वाटत होतं हे खरं, पण आकड्यांशी तिचं वाकडं नव्हतं. अशा मुलीला वाणिज्य शाखा आवडू शकते. उदगीरला आणि पुसदजवळ वरुडला दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयं आहेत, तीही तिला दाखवायला हवीत. त्यासाठी बारावीला गणित लागतं, हेही सांगायला हवं. 'वावडं आहे' या एका वाक्यावर अकरावीला तिचं गणित सुटलं असतं, तर हे दार आपोआप लागलं असतं.

आयटीआय आणि पॉलिटेक्निककडे 'काही जमलं नाही म्हणून' पाहण्याची सवय तर सोडायलाच हवी. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढे तीन वर्षं, अशी एकूण सहा वर्षं होतात. अकरावी-बारावी करून चार वर्षांची पदवी घेतली तरी सहाच. फरक इतकाच की, पदविकेच्या वाटेवर तीन वर्षांनी हातात नोकरीलायक कागद येतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा फरक फार मोठा असतो. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा. तो पास झाल्यावर ॲप्रेंटिसशिप करता येते किंवा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ही शिडी पुढे पदवीपर्यंत पोचते, हे मुलाला घरातूनच कळलं तर त्याची मान खाली जात नाही.

आता कागदपत्रांचं, कारण इथे पालकांइतकी मदत दुसरं कुणीच करू शकत नाही. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळवताना घराण्याचे जुने पुरावे शोधावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. म्हणजे आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४, कोतवाल बुकाची नक्कल. जिल्हा परिषद शाळेतलं ते जुनं रजिस्टर उघडलं की पानांच्या कडा हातात येतात, शाई विटलेली असते आणि आडनावाच्या जागी नुसतं वडिलांचं नाव निघतं. मग हे आपलेच आजोबा, हे दाखवायला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र आलं. आजोबा कधी शाळेतच गेले नसतील, तर शोध आत्याच्या, काकांच्या दाखल्यांकडे वळतो. हे काम आठवड्यात होत नाही. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत करता येतो; पण पुराव्यांची जमवाजमव नववी-दहावीच्या सुट्टीत केली, तर ऐन प्रवेशाच्या वेळी तहसील ते समिती अशी धावपळ होत नाही. नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपलेली नाही ना, अधिवास प्रमाणपत्र काढलं आहे ना, दाखल्यावर, आधारवर आणि गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. एका अक्षराच्या फरकाने अडलेले अर्ज सेतू केंद्रावर दर जूनमध्ये दिसतात, आणि अडतात ती नेमकी ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात चाललं आहे अशी मुलं. याचा मला मनापासून राग येतो.

लातूर-नांदेडला किंवा कोट्याला क्लाससाठी मुलाला पाठवण्याआधी मुलाशी एकांतात बोला. नीटसाठी खोली भाड्याने घेऊन आई मुलाजवळ राहते, बाप गावाकडे एकटा राबतो, अशी घरं पुष्कळ आहेत. त्या त्यागाचं ओझं मुलाच्या लक्षात असतं, ते बोलून दाखवायची गरज नसते. क्लास आणि कॉलेज एकत्र अशा 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली कॉलेज कागदावरच राहणार असेल, तर प्रयोगशाळा चालते का, हे जाऊन बघा. बारावीचे गुण सीईटीनंतरही विचारले जातात: खुल्या गटाला अभियांत्रिकीसाठी ४५ टक्के आणि नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात.

राहिला पैशाचा विषय, आणि तो मुलापासून लपवू नये. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घरची मिळकत, कर्ज आणि शिक्षणासाठी बाजूला काढता येईल ती रक्कम खुलेपणाने सांगितली, तर ते समजून घेतं. आठवीत एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. मेस, खोलीभाडं आणि प्रवास यांचा खर्च उरतोच, तो आधीच मांडून ठेवावा. "मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला," असं म्हणणाऱ्या नातेवाइकासमोर बापाने हा शासन निर्णय ठेवावा, आणि मुलगी समोर असताना ठेवावा.