फुग्यातलं बोलणं

 

आजचा विषय हसण्याचा आहे, पण कामाचाही आहे. जुन्या अंकांतली खोडकर पोरं आणि माणसासारखे बोलणारे प्राणी यांच्या चित्रकथांबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचतगटाचा आणि याचा काय संबंध? संबंध आहे. हप्ते आणि कर्जाचं बोलून झालं की बैठकीत एक गोष्ट हमखास निघते. पोरगं चौथीत गेलं, पण पुस्तकातली ओळ वाचायला सांगितली की अडतं.

ते का अडतं, ते आधी पाहू. आपल्याकडे कुणाच्या घरात वारली बोलतात, कुणाच्या कोकणा, कुणाच्या धोडिया. शाळेतलं पुस्तक मात्र पुस्तकी मराठीत. म्हणजे पोराला दोन डोंगर एकदम चढायचे असतात, एक अक्षराचा आणि दुसरा भाषेचा. पानभर नुसती अक्षरं दिसली की ते घाबरतं. चित्रकथेत अर्थ चित्रात आधीच दिसतो, अक्षरं थोडीच असतात. एक डोंगर निम्मा उतरतो.

चित्रकथा वाचायची कशी, तेही सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना ते कुणी शिकवलेलं नसतं. पानावर चौकटी असतात. डावीकडून उजवीकडे जायचं, ओळ संपली की खाली उतरायचं. बोलणं फुग्यात लिहिलेलं असतं आणि फुग्याचं शेपूट ज्याच्या तोंडाकडे, तो बोलतो. फुगा ढगासारखा असेल आणि शेपटाऐवजी बारीक गोळे असतील, तर तो मनातला विचार. अक्षरं मोठी आणि जाड म्हणजे ओरडणं. पायामागे रेघा म्हणजे पळणं. डोक्याभोवती चांदण्या म्हणजे आपटला! एवढं कळलं की अक्षरओळख नसलेली आईसुद्धा पोराबरोबर बसू शकते.

आता खोडकर पोरांकडे येऊ. मराठीत यातला सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी तो तयार केला आणि १९९१ साली तो 'सकाळ' वर्तमानपत्रात येऊ लागला. तीन-चार चौकटींत एक गंमत. पहिल्या चौकटीत काहीतरी घडतं, मधे वाढतं आणि शेवटच्या चौकटीत उलटंच निघतं. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू ही सगळी शहरातली पोरं. त्यांचं घर, त्यांची गल्ली आपल्यासारखी नाही. पण अभ्यास टाळणं, आईला गुंडाळायला जाणं आणि स्वतःच सापडणं, हे पाड्यावरच्या पोरालाही लगेच कळतं. 'हा तर मीच' असं वाटलं की पोरगं पुढची चौकट आपणहून वाचतं.

दुसरे आपले प्राणी. 'चंपक'मधले ससे, माकडं, हत्ती कपडे घालतात, शाळेत जातात, भांडतात. ही रीत फार जुनी आहे, पंचतंत्रातही प्राणीच बोलतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत कोल्हा आणि वाघ काय कमी बोलतात? प्राणी घेण्यात एक सोय आहे. मूर्ख मगरीला हसलं तर कुणा माणसाला लागत नाही. आणि लहानगा ससा मोठ्या जनावराला फसवतो, तेव्हा घरात सगळ्यांत धाकट्या असलेल्या पोराला धीर येतो.

पण अंक हातात देताना आपली नजर हवी. काही जुन्या चित्रकथांत काळ्या रंगाला, जाड माणसाला, तोतरं बोलणाऱ्याला हसवणुकीचा विषय केलेला असतो. जंगलात राहणारा माणूस म्हणजे हाडाची माळ घातलेला अडाणी, असंही काढलेलं सापडतं. असं पान आलं तर लपवू नका. पोरांना विचारा, 'हे खरं आहे का? आपण असे आहोत का?' हसणं चांगलं, पण कुणाला हसायचं हे पोरांनी ओळखायला हवं.

हे सगळं आपल्या भागाला नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाहिलं की पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात. मग शाळाच कुरणात गेली, अंगणात गेली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिकवण्याचं सामान झालं. पोराच्या हाताशी जे आहे आणि त्याला ज्यात गोडी आहे, तिथून सुरुवात करायची, हा धडा आपल्याच तालुक्यातून गेला आहे.

मग बचतगटाने काय करावं? रद्दीच्या दुकानात मुलांचे जुने अंक वजनावर मिळतात. पाच-दहा अंक घ्या, एका पत्र्याच्या पेटीत ठेवा, वहीत नोंद करा, आठवी-नववीतल्या एका मुलीकडे पेटी सोपवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, गटातल्या एका मोबाईलवर पोरांना गोळा करून दाखवता येतील. दिवाळीनंतर जी घरं वीटभट्टीवर जातात, त्यांच्या गाठोड्यात दोन अंक आठवणीने घाला. तिथे शाळा जवळ असेलच असं नाही, पण अंक तर सोबत असेल.

घरी बसाल तेव्हा शेवटची चौकट हाताने झाका आणि विचारा, 'आता काय होईल?' पोराला आपल्या बोलीत सांगू द्या, मग हात काढा आणि फुगा वाचायला लावा. दहा मिनिटं पुरतात.

आणि एक. जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रं जगभर नेली, ते आपल्याच गंजाडचे. त्रिकोण, गोल, रेघ यांत अख्खी गोष्ट सांगणं आपल्या हातात आहेच. कागदाच्या चार चौकटी पाडा, पोरांना पाड्यावरची एखादी फजिती काढू द्या, कोंबडी पळाली, खेकडा चावला, काहीही. फुग्यात वारली लिहिली तरी चालेल. पुढच्या बैठकीला हे कागद घेऊन या, हप्ता गोळा करण्याआधी एकमेकींना वाचून दाखवू.