आठ जण, एक दोर

ऑफिसची टीम बिल्डिंगची सहल लोणावळ्याला जावो नाहीतर कर्जतला, एक खेळ ठरलेला असतो: रस्सीखेच. एका बाजूला अकाउंट्स, दुसऱ्या बाजूला सेल्स, मधे रुमाल बांधलेला दोर आणि कडेला मोबाईल उंचावून उभे असलेले बाकीचे. माणसं एकत्र आली की त्यांच्या मेहनतीचं काय होतं, हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं तेही अशाच एका दोरावर, हे मला वाचनात आलं तेव्हापासून हा खेळ मी निराळ्याच कुतूहलाने पाहतो.

मॅक्स रिंगेलमन हा फ्रान्समधला शेती-अभियंता. घोडा, बैल, माणूस, यंत्र यांच्याकडून ओढण्याचं काम किती होतं, याचा तो १८८० च्या दशकात अभ्यास करत होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि जोर मोजला. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघं असताना प्रत्येकाचा भरला ९३, तिघांत ८५ आणि आठ जणांत अवघा ४९. थोडक्यात, आठ जणांनी मिळून ओढलं ते जेमतेम चौघांएवढं! हे आकडे छापून आले १९१३ साली.

यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे ताल चुकतो. एक जण ओढतो तेव्हा दुसरा दम घेत असतो. रिंगेलमनलाही मुख्यतः तसंच वाटलं होतं, आणि ते काही अंशी खरंही आहे. पण १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक फार सुंदर युक्ती केली. दोर ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला सगळ्यात पुढे उभं केलं आणि मागे आपलेच मदतनीस ठेवले. मदतनीसांनी ओढायचं नाही, फक्त ओढल्याचा आवाज करायचा. ताल चुकायला तिथे दुसरं कोणी नव्हतंच. पुढचा माणूस खरं तर एकटाच ओढत होता, तरी त्याचा जोर घटला. मागे माणसं आहेत, एवढ्या नुसत्या समजुतीने दंडातली ताकद आखडली. आपण अंग राखतोय हे बहुधा त्याचं त्यालाही कळलं नसेल, आणि मला सगळ्यात थक्क करते ती हीच गोष्ट.

मग यावर इलाज काय? तोही प्रयोगातूनच सापडला. १९८१ मध्ये किप्लिंग विल्यम्स, स्टीफन हार्किन्स आणि बिब लाताने यांनी लोकांना गटात जोरजोराने ओरडायला लावलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं लोकांना वाटलं, तेव्हा गटातही कोणी हात आखडता घेतला नाही. दरडावणं नाही, भाषण नाही. आपला वाटा कोणाला तरी दिसतोय, एवढं पुरलं.

म्हणून चाळीस जणांना एका दोराला जुंपणं ही माझ्या मते सगळ्यात वाया जाणारी योजना. चार-चारचे गट करा. त्यासाठी टॉम वुजेकने जगभर घेतलेला एक खेळ उत्तम आहे. (मूळ कल्पना पीटर स्किलमनची.) वीस कोरड्या स्पॅगेटीच्या काड्या, वारभर चिकटपट्टी, वारभर दोरी, एक मार्शमॅलो आणि अठरा मिनिटं. जास्तीत जास्त उंच मनोरा उभारायचा, मार्शमॅलो टोकावर. मोठी माणसं आधी चर्चा करतात, आराखडा काढतात, काड्या जोडतात आणि अगदी शेवटच्या क्षणी मार्शमॅलो वर ठेवतात. तोवर हलका वाटणारा तो गोळा काड्यांना पेलवत नाही. त्या वाकतात आणि मनोरा कोसळतो. बालवाडीतली मुलं मात्र सुरुवातीपासूनच मार्शमॅलो वर खोचून बघतात, पडला की पुन्हा करतात. वुजेकच्या अनुभवात ही मुलं बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने उंच मनोरे बांधतात! चौघांतला कोण गप्प बसला, कोणी काडी हिसकावून घेतली, कोणाची सूचना ऐकूनच घेतली नाही, हे सगळं त्या अठरा मिनिटांत टेबलावर उघडं पडतं.

एकत्र येण्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती तितकीच नवलाची. ऑक्सफर्डमध्ये रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या बारा वल्हेकऱ्यांना यंत्रावर ४५ मिनिटं वल्ही मारायला लावली. कधी एकेकट्याने, कधी सहाच्या गटात एका तालावर. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून ते किती वेदना सहन करतात हे पाहिलं. मेहनत सारखीच होती, पण गटात वल्हवल्यानंतर सहनशक्ती कितीतरी जास्त वाढलेली आढळली. शरीरातलं एंडॉर्फिन हे वेदनाशामक द्रव्य सोबतीच्या तालाने जास्त स्रवत असावं, असा त्यांचा निष्कर्ष. एका तालावरच्या समूहनृत्याच्या प्रयोगांतही असाच परिणाम दिसला. आपल्याला यासाठी लांब जायला नको, लेझीम आहे. सकाळी बसमधून उतरल्यावर वीस मिनिटं लेझीम घ्या, आणि गुडघेदुखीवाल्यांना हलगीवर बसवा. ठेका त्यांच्या हातात असला की तेही त्यात आलेच.

बहुतेक ठिकाणी कार्यक्रम इथे संपतो आणि जेवणाच्या रांगा लागतात. खरं काम मात्र राहूनच जातं. स्कॉट टॅननबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. काम झाल्यावर बसून, काय झालं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं, हे नीट बोलणाऱ्या गटांची कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. ना भाडं, ना टी-शर्ट, ना डीजे, नुसतं बोलणं!

तेव्हा पुढची सहल तुमच्याकडे आखायला आली, तर रिसॉर्ट ठरवण्याआधी वेळापत्रकात खेळानंतरचा आणि जेवणाआधीचा अर्धा तास राखून ठेवा. चौघाचौघांना गोल बसवा, प्रत्येकाला बोलू द्या, साहेबांना सगळ्यात शेवटी. आणि ऑफिसातलं एखादं चालू काम घेऊन त्यात सोमवारपासून काय बदलायचं, ते तिथेच कागदावर लिहून घ्या.