आवाज का तुटतो?

ईदच्या दिवशी मोबाइलवर मुबारकबाद देताना “हॅलो, हॅलो! आवाज तुटतोय!” हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. आपण मोठ्याने ओरडतो, फोनला नावे ठेवतो, कधी समोरच्यावरच चिडतो. पण ओरडून तुटलेला आवाज जुळत नाही. तो का तुटतो, ते समजून घेऊ या.

समजा, तुम्ही इंदापूरला आहात आणि तुमचे मामू बारामतीला. तुम्ही त्यांना व्हॉट्सॲपवर कॉल केला. तुमचा आवाज पाण्याच्या धारेसारखा सलग जात नाही. फोन त्याचे अगदी लहान तुकडे करतो. या तुकड्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. एका सेकंदाच्या बोलण्याचे साधारण ५० तुकडे होतात. ते टॉवर आणि इंटरनेटच्या वाटेने मामूंच्या फोनपर्यंत जातात. तेथे ते पुन्हा क्रमाने जोडले जातात.

आता बारामती-इंदापूर रस्ता आठवा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांमागे एस.टी. अडकते. इंटरनेटच्या वाटेवरही अशीच गर्दी होते. एकाच टॉवरवरून पुष्कळ लोक व्हिडिओ पाहू लागले, की तुकडे रखडतात. टॉवर लांब असेल किंवा मध्ये जाड भिंत असेल, तर काही तुकडे हरवतात.

फोटोचा हरवलेला तुकडा फोन पुन्हा मागवू शकतो. बोलण्यात तेवढी सवड नसते. आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर संभाषण सहज चालते. फार उशिरा आलेला तुकडा फोन सोडून देतो. तेथेच आवाज तुटतो.

मग साधा कॉल त्यामानाने कमी का तुटतो? ४जी फोनवर तोही बहुधा तुकड्यांतूनच जातो. पण रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट देतात, तशी मोबाइल कंपनी त्याला आधी वाट देते. ॲपवरील कॉलला सहसा अशी सवलत नसते.

म्हणून आवाज तुटू लागला, की खिडकीजवळ किंवा गच्चीवर जा. सुरू असलेले डाउनलोड थांबवा. व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवा. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे.

आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. संकटाच्या वेळी ॲपवर विसंबू नका. आग लागली, अपघात झाला, तर ११२ क्रमांकावर साधा कॉल करा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. हे क्रमांक व्हॉट्सॲपवरून लागत नाहीत. घरी अम्मीला आणि नानीलाही हे समजावून सांगा. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

स्वाध्याय

१. ‘पॅकेट’ म्हणजे काय?
२. उशिरा आलेला तुकडा फोन का सोडून देतो?
३. साधा कॉल आणि ॲपवरील कॉल यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.