रात्रीच्या सायकलीला दिवा : आधी मागचा, मग पुढचा

आपल्या समाजातील कारीगर, फेरीवाले, हमाल, दुकानातील नोकर, पहाटे दूध आणि पाव पोचविणारे यांच्यापैकी पुष्कळ जण आजही सायकलवर ये-जा करतात. मोटारसायकली कितीही वाढल्या तरी नांदेडच्या इतवारा, देगलूर नाका भागात आणि लातूरच्या गंजगोलाईभोवती हे रोज दिसते. यातील बहुतेकांचा प्रवास अंधारातला असतो. कोणी फजरच्या आधी निघतो, कोणी इशानंतर परततो. रमजानमध्ये तरावीहनंतर शिलाईच्या मशीन पुन्हा सुरू होतात आणि कारीगर मध्यरात्र उलटल्यावर घराकडे निघतो. त्याच्या सायकलीला घंटी असते, कुलूप असते, पण बत्ती नसते.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात आमच्या दुकानासाठी शिवणारा एक कारीगर असाच रात्री निघाला. अंगात काळा कुर्ता आणि कॅरिअरवर कापडाचे गाठोडे होते. मागून आलेल्या मोटारसायकलने त्याला धडक दिली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण पायाचे हाड मोडले. ऐन ईदचे काम गेले आणि पुढे चार महिने त्याला मशीनचे पायडल मारता आले नाही. मोटारसायकलवाला एकच गोष्ट सांगत होता, "मला तो दिसलाच नाही." आम्हाला तो खोटे बोलतो असे वाटले. दुसऱ्या रात्री त्याच जागी एका मुलाला रस्त्याच्या कडेला तशीच सायकल आणि तसेच गाठोडे घेऊन उभे केले आणि मी स्वतः गाडीवरून तिकडे गेलो. तो मुलगा तेथे आहे हे मला माहीत होते, तरी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसला नाही. तेव्हा माझी मान खाली गेली, कारण ते गाठोडे माझ्या दुकानाचे होते. या घटनेनंतर मी या विषयाची माहिती घेतली, निरनिराळे दिवे विकत घेऊन वापरून पाहिले. ते येथे मांडतो.

आपल्याला दिसते, म्हणून आपण दिसतो असे नाही

सायकलवाल्याला मागून येणाऱ्या ट्रकचा झगझगीत उजेड दिसतो. त्याला वाटते, मला ट्रक दिसतो म्हणजे ट्रकवाल्यालाही मी दिसतो. सगळी चूक येथे होते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले शास्त्रज्ञ इब्न अल-हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात डोळ्यातून किरण बाहेर पडतात ही जुनी समजूत खोडून काढली. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो, तेव्हाच ती वस्तू दिसते. म्हणजे तुमच्याकडून प्रकाश निघाला नाही किंवा परतला नाही, तर ड्रायव्हरच्या दृष्टीने तुम्ही रस्त्यावर नाहीच.

आता हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी २५ मीटर पुढे आली. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण तेवढेच अंतर लागते. एकूण ५० मीटर झाले. वेग ८० असेल तर हेच अंतर ७० मीटरच्या वर जाते. डिपरच्या उजेडात काळ्या कपड्यातला माणूस पुष्कळदा याहून कमी अंतरावर दिसतो. म्हणजे ड्रायव्हर शुद्धीत आणि सावध असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ मध्ये आहे. रस्ता रुंद झाला तसा गाड्यांचा वेगही वाढला. आपली सायकल मात्र जुन्याच वेगाने चालते.

मागचा दिवा आधी घ्या

बाजारात गिऱ्हाईक आधी पुढचा दिवा मागते, कारण त्याचा उजेड स्वतःला दिसतो. माझे सांगणे उलट आहे. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर मागचा लाल दिवा घ्या. समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसते आणि तुम्ही बाजूला होऊ शकता. मागून येणाऱ्या गाडीसमोर तुम्ही काहीच करू शकत नाही.

मागच्या दिव्याला फार मोठा उजेड लागत नाही. साधा एलईडी दिवाही अंधारात दोन-तीनशे मीटरवरून दिसतो, अट एवढीच की तो सरळ मागे रोखलेला हवा. आकाशाकडे किंवा जमिनीकडे तोंड केलेला दिवा असून नसल्यासारखा आहे. रंग लालच हवा. पुढे पांढरा आणि मागे लाल हा नियम जगभर आहे. मागे पांढरा दिवा लावला तर ड्रायव्हरला वाटते की समोरून कोणी येत आहे.

दिवा लुकलुकणारा हवा की स्थिर, असे पुष्कळ जण विचारतात. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष लवकर जाते, पण तो किती लांब आहे याचा अंदाज ड्रायव्हरला नीट येत नाही. जर्मनीत सायकलीला लुकलुकणारा दिवा चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून त्याला परवानगी आहे. माझा अनुभव असा की दोन छोटे दिवे लावावेत, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. एकच असेल तर अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर ठेवावा.

दिवा कोठे लावावा हे आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. बाजारातील बहुतेक दिवे सीटखालच्या नळीला बसविण्यासाठी बनविलेले असतात. कॅरिअरवर गाठोडे, दुधाचे कॅन किंवा पावाची पेटी ठेवली की तो दिवा पूर्ण झाकला जातो. लांब कुर्ता, ओढणी किंवा बुरख्याचा घोळही त्यावर येतो. म्हणून दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मागच्या मडगार्डवर नट-बोल्टने बसवून घ्यावा. गाठोडे मागे लोंबत असेल तर त्याच्या दोरीलाच क्लिपचा दिवा अडकवावा. माल लादल्यावर दहा पावले मागे जाऊन एकदा पाहावे. दिवा दिसत नसेल तर निघू नये.

पुढचा दिवा : दोन कामे, दोन प्रकार

पुढच्या दिव्याची दोन कामे आहेत. शहरात रस्त्यावर दिवे असतात, तेथे तो आपण दिसावे म्हणून हवा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. अशा ठिकाणी कोण कोठून वळेल याचा नेम नसतो. तेथे ५० ते १०० ल्यूमेनचा पांढरा दिवा पुरतो. गावाकडच्या रस्त्यावर मात्र खड्डा, रंग न दिलेला गतिरोधक, बसलेले जनावर हे आपल्याला दिसायला हवे. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी कडेला उभी असते, तिच्यावर आपणच जाऊन आदळतो. अशा रस्त्यासाठी २०० ते ४०० ल्यूमेनचा दिवा घ्यावा.

ल्यूमेन म्हणजे दिव्यातून चारी दिशांना निघणारा एकूण प्रकाश. त्यातला रस्त्यावर किती पडतो हे लक्समध्ये मोजतात. जर्मनीचा नियम पुढच्या दिव्याला दहा मीटरवर किमान १० लक्स मागतो आणि प्रकाश वरच्या बाजूला कापलेला असावा असे सांगतो. म्हणून चांगल्या भिंगाचा २०० ल्यूमेनचा दिवा, गोल टॉर्चसारख्या ५०० ल्यूमेनच्या दिव्यापेक्षा रस्ता चांगला दाखवतो. गोल टॉर्च समोरच्याचे डोळे दिपवते. दिवा किंचित खाली झुकवावा, उजेडाचा मधला भाग आठ-दहा मीटर पुढे रस्त्यावर पडावा. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला चार मीटर जाते, म्हणजे खड्डा चुकवायला दोन-अडीच सेकंद मिळतात. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग आहे, अशी आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग आपल्याच दिव्याने दुसऱ्याला आंधळे करणे कसे चालेल?

डायनॅमो, सेल की चार्जिंग?

आमच्या लहानपणी टायरला घासून फिरणारा डायनॅमो होता, सहा व्होल्ट आणि तीन वॉटचा. पायडल जड व्हायचे, पावसात तो टायरवरून घसरायचा आणि सायकल थांबली की दिवाही विझायचा. पण चार्जिंगची कटकट नव्हती. तोच डायनॅमो एलईडी दिव्याला जोडला तर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो. मात्र दिवा डायनॅमोवर चालणारा आहे का हे विचारून घ्यावे. नाहीतर जोरात पायडल मारताच तो जळतो.

बटण-सेलवर चालणारे छोटे दिवे स्वस्त असतात. पण सेल लवकर संपतात आणि वारंवार बदलायचे म्हटले तर दिव्यापेक्षा सेलच महाग पडतात. रोज ये-जा करणाऱ्याने यूएसबीचा, मोबाईलच्या चार्जरवर चालणारा दिवा घ्यावा. दुकानात दुपारी मोबाईलबरोबर तोही लावून ठेवावा. जेथे वीज वारंवार जाते तेथे साध्या पेन्सिल सेलचा दिवा बरा, कारण ते सेल किराणा दुकानातही मिळतात.

डब्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका

यात मी स्वतः फसलो आहे. दुसऱ्या शहरातील एका ठोक व्यापाऱ्याकडून दोन डझन दिवे आणले. डब्यावर २००० ल्यूमेन आणि आतल्या सेलवर ९९०० एमएएच लिहिले होते. महिन्याभरात निम्मे बंद पडले. नंतर कळले की १८६५० या आकाराचा उत्तम सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपास असतो. त्याच आकाराच्या सेलवर नऊ हजार लिहिले असेल तर ते खोटेच समजावे. पाण्यासाठी 'आयपीएक्स ४' लिहिलेले असेल तर दिवा पावसाचे शिंतोडे सोसतो. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो.

कापड घेताना आपण ताग्यावरचे लेबल पाहून थांबत नाही, कापड चोळून आणि धुऊन पाहतो. दिवाही तसाच पाहावा. एक नग घरी न्यावा, पूर्ण चार्ज करावा, मगरिबला स्थिर उजेडावर लावावा आणि किती वाजता मंद होतो ते लिहून ठेवावे. तुमचा रोजचा रात्रीचा प्रवास जेवढा, त्याच्या तिप्पट वेळ तो टिकायला हवा. मग नळाखाली धरावा. अंधारात शंभर पावलांवरून आणि नंतर बाजूनेही पाहावा. शेवटी खराब रस्त्यावर एक फेरी मारावी. पकड सैल असेल तर दिवा फिरतो किंवा पडतो. एवढे करूनच डझनाची ऑर्डर द्यावी.

कपडा आणि चमकपट्टी

हा माझ्या धंद्याचा विषय आहे. पांढरा कुर्ता काळ्यापेक्षा लांबून दिसतो, पण तो प्रकाश सगळीकडे पसरवतो. चमकपट्टीत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, ते प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून ड्रायव्हरला ती दिव्यासारखी दिसते. भडक पोपटी किंवा नारिंगी कपडा दिवसा आणि सांजवेळी कामाचा असतो. रात्री तो साध्या कपड्यासारखाच. चमकपट्टी घोट्यावर बांधली तर पायडलबरोबर वर-खाली होते आणि हा माणूस आहे हे लांबून कळते. कोणताही शिंपी कतरणीतून अशी बांधायची पट्टी पाच मिनिटांत शिवू शकतो. गाठोड्याच्या कापडालाही मागच्या बाजूने एक पट्टी शिवून घ्यावी.

२०२० साली केंद्र सरकारने सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी भारतीय मानक लागू करणारा आदेश काढला. नवी सायकल घेताना मागे लाल, पुढे पांढरा आणि पायडलवर पिवळा रिफ्लेक्टर आहे ना, हे पाहून घ्यावे. पण रिफ्लेक्टर दिव्याची जागा घेऊ शकत नाही. ज्या गाडीचा स्वतःचा हेडलाईट बंद आहे, तिच्यापुढे तो आंधळाच.

मालकांनी एवढे करावे

डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलींना दिवसरात्र चालू राहणारे दिवे बसविले होते, त्यांचे अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाले. तेथील रस्ते आपल्यापेक्षा चांगले आहेत, तरी एवढा फरक पडला.

मागे-पुढे साधे चांगले दिवे कारीगराच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीत बसतात. तरी तो घेत नाही, कारण त्या दिवसांची मजुरी घरी लागते. म्हणून ज्याच्या मालाचे गाठोडे रात्री रस्त्यावर जाते, त्याने गाठोड्याबरोबर दिवाही द्यावा आणि त्याचे पैसे मजुरीतून कापू नयेत. आमच्या दुकानात आता ही पद्धत आहे. रात्री माल नेणाऱ्याच्या सायकलीचा मागचा दिवा लागतो की नाही हे पाहिल्याशिवाय गाठोडे बाहेर जात नाही. सायकल दुकानदारांनीही पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला दिव्याबद्दल विचारावे. त्यात धंदाही आहे आणि सवाबही.

तवक्कुल अल्लाहवर ठेवावा, पण उंट आधी बांधावा, अशी आपल्याला शिकवण आहे. आपला उंट म्हणजे ही सायकल. तो कारीगर आता पुन्हा मशीनवर बसतो, थोडा लंगडतो. त्याच्या कॅरिअरला दोन लाल दिवे आहेत. ते आधी असायला हवे होते.