मेंदूच्या हुकमाआधी
तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो तो मेंदूच्या हुकमाने, असा सर्वसाधारण समज असला, तरी वस्तुस्थिती अशी की, त्वचेतील संवेदी मज्जातंतूंनी आणलेली वर्दी मेरुरज्जूत पोहोचताच तिचा तेथल्या तेथे निकाल लागून प्रेरक तंतूंमार्फत स्नायूंना आज्ञा सुटते, आणि मेंदूच्या दफ्तरी हे वृत्त दाखल होऊन वेदना जाणवेतो हात बहुधा सुटलेला असतो. मज्जातंतूंच्या 31 जोड्या बाळगणाऱ्या या सुमारे 45 सेंटिमीटर लांबीच्या रज्जूला निव्वळ निरोप्या मानणे मला अन्यायाचे वाटते; कारण कोपर वाकवणारा स्नायू आकुंचन पावत असता त्याच्या विरोधी स्नायूला सैल सोडण्याची तजवीजही, शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, तेथेच होते. मेंदूला मात्र स्थगितीचा अधिकार आहे: हातात उकळत्या चहाचा महागडा कप असेल, तर चटका सोसूनही माणूस तो मेजापर्यंत नेतो.