थंडीत फजरनंतर धावताय? आधी अंग तापवा, मग स्प्रिंट मारा

मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीत असते. म्हणजे तयारीचा खरा जोर डिसेंबरात, ऐन थंडीत. आमच्या मालेगावात या दिवसांत पहाटे पारा कधी कधी 10 अंशांच्या आसपास उतरतो. फजरची नमाज झाली की पोरं थेट मैदानावर येतात आणि आल्या आल्या सुसाट सुटतात.

तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं. शाळा गाठायची घाई होती. दुसऱ्याच स्प्रिंटला डाव्या मांडीच्या मागे चमक भरली आणि त्या वर्षीची मॅरेथॉन हुकली. आता माझा भाचा तयारी करतोय. त्याला जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

त्याचा पहिला सवाल होता, "मामू, 42.195 किलोमीटर तर सावकाश धावायचंय, मग स्प्रिंट कशाला?" सवाल बरोबर आहे. पण थोडं वेगात धावल्याने पायांत ताकद येते, पाऊल नीट पडायला लागतं आणि तेवढ्याच दमात जास्त अंतर कापता येतं. त्यासाठी आठवड्यातून एकदा पुरे. रोज नको.

थंडीत स्नायू आखडलेले असतात. स्प्रिंटमध्ये पाय झपकन पुढे जातो, तेव्हा त्याला आवरायचं काम मांडीमागचा स्नायू करतो. थंड स्नायूवर अचानक एवढा ताण आला की त्याचे तंतू फाटू शकतात.

म्हणून क्रम असा ठेवा:

- 5 मिनिटं भरभर चाला, मग 10 मिनिटं हळू धावा. अंगाला हलका घाम आला पाहिजे.
- गुडघे उचलणं, पाय पुढे-मागे झुलवणं असे हालते व्यायाम करा. एका जागी ताणून धरायचे व्यायाम शेवटी.
- मग 80 ते 100 मीटरच्या 4 ते 6 फेऱ्या. पूर्ण जीव तोडून नाही, हळूहळू वेग वाढवत. प्रत्येक फेरीनंतर चालत परत या.
- शेवटी 10 मिनिटं हळू धावा, लगेच ओले कपडे बदला.

अंधारात खड्डा दिसत नाही. तोवर अंग तापवा, स्प्रिंट उजाडल्यावरच. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. अंग तापलं की वरचा काढता येतो. मुलींनाही हेच लागू.

थंड, कोरड्या हवेने छाती भरते, खोकला येतो. नाका-तोंडावर पातळ रुमाल बांधा. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पंप खिशात ठेवा. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी प्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. स्नायूत चमक भरली तर त्या दिवशीचं धावणं बंद.

भाचा कुरकुरतो, "अर्धा वेळ तर अंग तापवण्यातच जातो." मी म्हणतो, जाऊ दे. माझी 15 मिनिटं वाचली होती, पण पुढचे दोन महिने मी लंगडत वर्गात जात होतो.