गाडी थंड झाली की दोष लपतो

मे महिन्यातली दुपार होती. बदलापूरहून बहिणीला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे होते. भाच्याची गाडी दारात उभी होती, म्हणून लोकलच्या गर्दीची काळजी नव्हती. परंतु अंबरनाथच्या विम्को नाक्यावर वाहनांच्या रांगेत गाडीने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. भाच्याने चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन मात्र काही केल्या धरत नव्हते. मागून हॉर्न वाजू लागले. शेवटी गाडी ढकलून कडेला लावली आणि आम्ही रिक्षाने पुढे गेलो. पाऊण तासाने भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी चालू झाली. जसं काही घडलंच नाही!"

ही त्या महिन्यातली चौथी वेळ होती. भाचा याच गाडीवर पोट भरतो. गाडी जुनी, कर्जावर घेतलेली. पेट्रोल आणि सीएनजी अशी दोन्हींवर चालणारी. वस्तीतले लोक दवाखाना, लग्नकार्य, स्टेशन यासाठी त्याला बोलावतात. ज्याची गाडी अर्ध्या रस्त्यात थांबते त्याला पुन्हा कोण बोलावणार? भाडे गेले तरी हप्ता थांबत नाही.

तोवर त्याने दोन गॅरेजे पालथी घातली होती. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला. दोन्ही वेळा पैसे मोजून झाले आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा थांबली. मिस्त्री लबाड होते असे मला म्हणायचे नाही. खरी अडचण वेगळीच होती. गाडी गॅरेजात पोचेपर्यंत थंड झालेली असे आणि थंड गाडीत दोष दिसतच नसे. मग उरतो तो अंदाज, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरते.

मी कारकून माणूस. हिशेब जुळत नसला तर आम्ही वाटेल तो आकडा खोडत नाही, एकेक नोंद ताडून पाहतो. मी भाच्याला एक शंभर पानी वही दिली आणि म्हणालो, "गाडी बंद पडली की आधी लिही, मग चावी फिरव."

काय लिहायचे?

पहिली नोंद तापमानाच्या काट्याची. काटा लाल रेघेवर गेला असेल तर तो पाण्याचा, पंख्याचा किंवा थर्मोस्टॅटचा प्रश्न आहे. अशा वेळी इंजिन बंद ठेवावे आणि रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंड-हात भाजतात. काटा नेहमीच्या जागी असेल तर पुढचा तपास करावा.

दुसरी नोंद स्टार्टरची. तो फिरतच नसेल तर बॅटरी, तिच्या तारा किंवा स्टार्टरच पाहावा. तो जोरात फिरूनही इंजिन धरत नसेल तर मुख्य प्रश्न दोनच राहतात : पेट्रोल येत नाही, की करंट येत नाही?

पेट्रोलचा अंदाज कानाने घेता येतो. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी पहिल्यांदा फिरवली की मागच्या बाजूने पंपाची गुणगुण दोनेक सेकंद ऐकू येते. ती आली नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले यांवर संशय घ्यावा. टाकीचे झाकण उघडताना जोराने हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबला आहे का, ते पाहावे.

करंटसाठी आरपीएमचा काटा पाहावा. स्टार्टर मारताना बऱ्याच गाड्यांत तो थोडा हलतो. मुळीच हलला नाही तर क्रँक सेन्सर तपासावा. इंजिन किती वेगाने फिरते याची खबर हा छोटा भाग कॉम्प्युटरला देतो. खबर नाही तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. ठिणगी पाहण्यासाठी प्लगची वायर हातात धरू नये. तिथे हजारो व्होल्टचा झटका असतो. ते काम मिस्त्रीवर सोडावे.

वहीने काय सांगितले?

दोन आठवड्यांत तीन नोंदी झाल्या. काटा नेहमीच्या जागी, स्टार्टर जोरात, पंपाची गुणगुण चालू, आरपीएमचा काटा मात्र निपचित. आणि सर्वांत बोलकी नोंद अशी की तीनपैकी एकदा गाडी सीएनजीवर असताना बंद पडली होती! सीएनजीवर धावणाऱ्या गाडीला पेट्रोलच्या पंपाची गरज ती काय? ही गोष्ट कुणी आधी विचारली असती तर नवा पंप घ्यावाच लागला नसता.

वही घेऊन भाचा अंबरनाथच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. या मिस्त्रींचे अर्धे आयुष्य पद्मिनी टॅक्सी दुरुस्त करण्यात गेले. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या. त्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असे. पेट्रोलचा हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. उन्हाळ्यात रहदारीत अडकलेल्या गाडीचा पंप तापला की आत वाफ धरे आणि पेट्रोल पुढे सरकत नसे. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवी आणि पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू होई.

वही वाचून मिस्त्री म्हणाले, "बाळा, ओलं फडकं हा नुसता इलाज नाही, तपास आहे. एका वेळी एकच भाग गार करायचा. गाडी चालू झाली तर चोर तिथंच."

त्यांनी गाडी तासभर रस्त्यावर फिरवून तापवली. ती बंद पडताच चावी काढून घेतली आणि पिळलेले ओले फडके फक्त क्रँक सेन्सरवर धरले. थोड्याच वेळात गाडी सुरू झाली. पुन्हा बंद पडल्यावर त्यांनी मीटर लावला. गरम सेन्सरमध्ये तार तुटल्यासारखे दाखवत होते. थंड झाल्यावर आकडा बरोबर आला. आतल्या बारीक तारेला सूक्ष्म तडा असेल तर ती उष्णतेने सैल होते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. जुन्या इग्निशन कॉइलमध्येही हाच खेळ चालतो.

सेन्सर बदलला. त्यावरही मिस्त्रींनी लगेच "झाले" म्हटले नाही. त्याच रस्त्याने, त्याच भर दुपारी, बदलापूर ते उल्हासनगर आणि परत अशा दोन फेऱ्या मारायला लावल्या. गाडी कुठेही थांबली नाही, तेव्हाच वहीत शेवटची ओळ लिहिली गेली.

आपल्या ड्रायव्हर बंधूंसाठी

तापल्यावर बंद पडणाऱ्या प्रत्येक गाडीत सेन्सरच बिघडलेला असतो असे कृपया समजू नये. पद्धत लक्षात ठेवावी. गाडी बंद पडली की आधी ती कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उतरवा. मग वरच्या नोंदी करा. फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका, तापलेल्या इंजिनवर बादलीने पाणी ओतू नका, आणि बॉनेटजवळ विडी-काडी नको. स्कॅनर लावून घ्या, पण त्यात काही निघाले नाही म्हणजे गाडीत दोष नाही असे नव्हे.

आणखी एक. हातात पैसे कमी, म्हणून आपण टाकी रिझर्व्हवरच चालवतो. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. चार-पाच लिटर तरी शिल्लक ठेवा, पंप जास्त टिकेल.

गॅरेजात नुसते "गाडी बंद पडते" म्हणू नका. केव्हा, कुठे, कशी ते लिहून न्या. भाग बदलण्याआधी विचारा, "हाच खराब आहे हे कशावरून?" जाणता मिस्त्री या प्रश्नावर रागावणार नाही. काढलेला भाग आणि लेखी बिल मागून घ्या.

मागच्या महिन्यात बहिणीला पुन्हा रुग्णालयात नेले. विम्को नाक्यावर तीच रांग, तेच ऊन. बहिणीने पदराने वारा घेत विचारले, "आता नाही ना रे थांबणार?" भाचा हसला आणि त्याने डॅशबोर्डवरची वही तिला दाखवली.